चार वाजताचा मान

शेवटच्या फेरीचं वेळापत्रक शुक्रवारी सकाळी ग्रुपवर पडलं आणि मोनाची चहात बुडवलेली खारी विरघळून कपाच्या तळाशी गेली, तरी तिला पत्ता नव्हता. ती फोनकडे बघत होती, डोळे वटारून. जणू फोननंच काहीतरी खाल्लं होतं.

रविवार. कोडोली विरुद्ध मुरगूड, दुपारी दोन. चिंचबन तालीम विरुद्ध सूर्यबाण मंडळ, दुपारी चार.

“परत दोन!” ती एवढ्या मोठ्यांदा ओरडली की गोठ्यातली म्हैस दचकून मागं सरली आणि धार काढणारे तिचे पप्पा म्हशीवर नाही, तिच्यावर ओरडले.

आता दोन काय आणि चार काय, असं ज्याला वाटत असेल त्यानं कोल्हापुरात कधी फुटबॉल बघितलेला नाही. मुलींच्या जिल्हा लीगमध्ये दोन गट. अ गट म्हणजे हिरवंगार मैदान, वर्षभर सामने, बघायला माणसं. ब गट म्हणजे चार-पाच सामने, तेही भर उन्हात, आणि गावाकडच्या संघांना बघायला त्यांना घेऊन आलेला टेम्पोवाला. ब गटातून वर्षाला एकच संघ वर जातो. एकच! आणि यंदा त्या एका जागेसाठी मोनाचं कोडोली आणि पेठेतल्या जुन्या कुस्तीच्या तालमीचा संघ चिंचबन, असे दोघं टपून उभे होते. गुण सारखे. केलेले गोल, खाल्लेले गोल, सगळी वजाबाकी करून बघितली तरी सारखे. शेवटच्या सामन्यात जो जास्त फरकानं जिंकेल तो वर.

म्हणजे जो दोनला खेळणार तो आपली पानं उघडी करून टाकणार. आणि जो चारला खेळणार तो ती पानं निवांत वाचून, कडक चहा पिऊन, मग मैदानात उतरणार. किती गोल पाहिजेत ते माहीत. एक पुरतोय की चार लागतात ते माहीत. त्यात समोर सूर्यबाण मंडळ, चिंचबनच्या पलीकडच्या गल्लीतलं. दोन्हीकडच्या पोरी एकाच शाळेत, एकमेकींच्या घरी जेवायला. सूर्यबाणला ना वर जायचं होतं, ना खाली पडायची भीती.

गेल्या वर्षी हेच झालं होतं. तेव्हा दोनला मुरगूडच्या पोरी खेळल्या आणि दणकून जिंकल्या. मग चारला मंगळकट्टा तालीम खेळली. त्यांना पाच गोल पाहिजे होते. बरोबर पाच झाले. पाचवा गोल खाल्ल्यावर समोरची गोलकीपर जाळीतून बॉल काढताना हसत होती, हे मोनानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. कुणी काही सिद्ध केलं नाही. सिद्ध करणार तरी काय, हसणं?

पण तेव्हाची मोना वेगळी होती. बक्षीस समारंभात नाव पुकारलं की मैत्रिणीच्या पाठीमागं लपणारी. यंदा धैर्यशील सरांनी तिला कॅप्टन केलं, आणि पहिल्याच सामन्यात तिनं “बॅक मागं या!” असं आरोळी ठोकून सांगितलं तेव्हा सगळा संघ खरंच मागं आला. आपला आवाज ऐकून माणसं हलतात! हे एकदा कळल्यावर मोना गप्प बसायची राहिलीच नाही.

आणि गप्प बसून चालणारही नव्हतं. कारण पप्पांनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं, “फुडल्या साली धावी. अ गटात गेलीस तर बगू. न्हाय गेलीस तर बूट माळ्यावर.”

त्यामुळं रविवारी जे ठरणार होतं ते नुसतं कोडोलीचं नव्हतं. मोनाच्या बुटांचंही होतं.

*

शनिवारी शाळा सुटल्यावर ती सरांना घेऊन कोल्हापूरला गेली. म्हणजे सर तिला घेऊन गेले असं कागदावर. खरं तर सर एस.टी.त पूर्ण रस्ताभर “वाद नको हं मोना, विनंती करायची, विनंती,” एवढंच म्हणत होते.

लीगचे प्रमुख अण्णासो. मार्केट यार्डात त्यांची गुळाची अडत. पांढरं धोतर, गुडघे दोन्ही गेलेले, तरुणपणी त्याच गुडघ्यांनी पेठेला वेड लावलेलं. माणूस वाईट नाही. पोरी आल्या की गुळाचा खडा हातावर ठेवल्याशिवाय बोलायला सुरुवात करत नाही. मोनाच्या हातावर त्यांनी चांगला लिंबाएवढा खडा ठेवला.

“बोल बाळ.”

“अण्णा, दोन्ही सामने एकदम लावा. एकाच टायमाला.”

अण्णासो हसले. “असं कसं? चारची वेळ जुन्या तालमीची. आमच्या वडलांच्या काळापास्नं हाय ते. पेठेतली माणसं दुकानं बंद करून, हलगी घिऊन येत्यात. दोनला कोण येणार? तुझा सामना बगायला कोण येतंय सांग बरं?”

“टेम्पोवाला,” मोना म्हणाली. खोटं कशाला बोला?

“मग! मान आसतोय तो तालमीचा.”

“मान द्या की! हार घाला, फेटं बांधा, हलगी काय, हत्ती आणा. आमचं काय म्हननं न्हाय. पण आमी किती गोल मारलं ते बगून मग त्यांनी खेळायचं, ह्यो कसला मान? ही तर कॉपी झाली.”

मागून सरांनी तिच्या दप्तराचा पट्टा ओढला. मोनानं तो सोडवून घेतला.

“कॉपी?” अण्णासोंच्या भुवया वर गेल्या. “चिंचबनच्या पोरी चोर हायत म्हणतीस?”

“न्हाय म्हणत. माज्यासमोर आधी दुसऱ्याचा पेपर ठेवला तर मीबी बगणारच की. चूक बगणाऱ्याची न्हाय. ठेवणाऱ्याची हाय.”

अडतीतला हमाल पाठीवरची गुळाची ढेप तशीच घेऊन थांबला. अण्णासोंनी त्याला हातानं पुढं घालवलं.

“मैदान एक हाय,” ते जरा कोरड्या आवाजात म्हणाले.

“मागचं हाय की. चारला मोकळंच आसतंय.”

“त्यात खडं हायत.”

“ते आमाला द्या. आमी खड्यातच शिकलोय.”

“पोरी, तू लई बोलायला लागलीस. गेल्या साली तुझ्या तोंडातनं थँक्यू निघत न्हवतं.”

“गेल्या साली मी कॅप्टन न्हवतो, अण्णा.”

अण्णासोंनी तोंड फिरवून तराजूकडं बघितलं. म्हणजे बोलणं संपलं. बाहेर आल्यावर सर म्हणाले, “झालं? आता दोनला खेळायचं. जेवढे मारता येतील तेवढे मारायचे.”

“किती मारायचं सर? त्यांना न पुरतील एवढं म्हंजे किती?”

सर बोटं मोजायला लागले. ते आकडा शोधत राहिले आणि एस.टी. आली.

*

एस.टी.तच, खिडकीशेजारी बसून, हातातला गूळ चाटत चाटत मोनाला सुचलं. तिनं मुरगूडच्या कॅप्टनला फोन लावला. संयोगिता तिचं नाव. सहा फुटाला चार बोटं कमी, सेंटर बॅक, अंगावर आली की ट्रॅक्टर आल्यासारखं वाटायचं.

“कोण?”

“मोना. कोडोली.”

“व्हय का? रविवारी किती खाणार ते आधीच सांगायला फोन केलास?”

“संयोगिता, गेल्या साली त्या पाच गोलांच्या वेळी तू कुठं होतीस गं?”

पलीकडचं हसू थांबलं.

“वडापच्या जीपमधी,” संयोगिता म्हणाली. “घरला निघालतो. आमाला वाटलं, गेलो वर. गाणी चाललीवती नुसती. कागलच्या अलीकडं फोन आला, पाच झालं म्हणून. गाणं अर्धंच ऱ्हायलं. मुरगूड येईपतोर कोण बोललं न्हाय. ड्रायव्हरसुद्धा.”

मोनानं मग तिला सगळं सांगितलं. दोनला मैदानात जायचं. शिट्टी वाजली की खेळायचं नाही. मध्यावर, चुन्याच्या रिंगणात, खाली बसायचं. दोन्ही संघांनी. चार वाजता चिंचबनची शिट्टी वाजेल तेव्हाच उठायचं.

“वॉकओव्हर देतील की,” संयोगिता म्हणाली.

“कुणाला? एक बसला तर दुसऱ्याला देत्यात. दोन्ही बसल्यावर?”

“दोघांनाबी भोपळा देतील. माझं काय जात न्हाय, आमी मधेच हाय. तुझी जागा जाईल.”

हे मोनाला ठाऊक होतं. दोघांना शून्य म्हणजे चिंचबन एका गोलानं जिंकली तरी वर. नुसती बरोबरी झाली तरी वर. दोनला खेळून निदान थोडी तरी आशा होती. बसून तीही घालवायची?

“जाईल,” ती म्हणाली. तिनं उरलेला गूळ रुमालात गुंडाळला. “तशीबी जाणारच हाय. वडापात गाणं म्हणताना जाण्यापेक्षा मैदानात बसून जाऊ दे.”



“बसू,” संयोगिता म्हणाली. “पण एक आयक. उठल्यावर सोडणार न्हाय. आमाला काय मिळणार नसलं तरी. एक गोल फुकट देणार न्हाय.”

“मागितला कुणी?”

“मग ठरलं.”

*

रविवारी दोन वाजता मैदान तापलेल्या तव्यासारखं. स्टँडमध्ये टेम्पोवाला, तो टॉवेल डोक्यावर घेऊन. पंच विश्वजित दादा, नवीनच पोरगा, शिट्टी गळ्यात घालून त्यानं नाणं उडवलं. सुरुवात कोडोलीची. मोनानं बॉल मध्यावर ठेवला. शिट्टी वाजली.

मोनानं बॉलवर पाय ठेवला. मग पाय काढला आणि बॉलशेजारी मांडी घालून बसली.

कोडोलीच्या सगळ्या जणी येऊन बसल्या. पलीकडून मुरगूडच्या आल्या, संयोगिता सगळ्यात पुढं, आणि त्याही बसल्या. चुन्यानं आखलेलं ते रिंगण पोरींनी भरून गेलं. हळदीकुंकवाला जमल्यासारखं.

विश्वजितनं परत शिट्टी वाजवली. मग अजून एकदा, जोरात.

“काय झालं? कुणाला लागलं?”

“कुणाला न्हाय दादा,” मोना म्हणाली. “चारला खेळणार आमी. चिंचबनची शिट्टी वाजली की.”

“असं नसतंय ओ ताई!”

“नसतंय म्हणूनच बसलोय.”

सर धावत आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “मोना, विनंती म्हणालो होतो मी!”

“विनंती काल झाली की सर.”

विश्वजितनं फोन लावला. तो फोन करत होता तेव्हा पोरी खालून तापणाऱ्या मातीवर मांडी बदलत होत्या. मुरगूडच्या गोलकीपरनं पिशवीतून चुरमुरे काढले. कोडोलीच्या पोरींनी ताकाची बाटली काढली. शत्रूच्या हातचं ताक पिताना संयोगिता म्हणाली, “मीठ कमी हाय,” आणि अख्ख्या रिंगणात हशा पिकला.

अण्णासो आले तेव्हा काठी टेकत, धोतर सावरत मैदानाच्या मध्यापर्यंत चालत आले. त्या गुडघ्यांनी. मोनाला क्षणभर उठून त्यांना हात द्यावासा वाटला. ती नाही उठली.

“उठा,” अण्णासो म्हणाले.

कुणी हललं नाही.

“पंचानं सांगितलंय तुमाला. आता मी सांगतोय. खेळला न्हाईसा तर दोघांना शून्य. लिहून टाकीन.”

मोनाच्या शेजारी बसलेली छोटी विंगर हळूच तिच्या कानाशी आली. “मोनादीदी, खरंच लिवतील?”

“लिवतील,” मोना तेवढ्याच हळू म्हणाली. “भ्या वाटतंय?”

“व्हय.”

“मलाबी. बस.”

मग मोना अण्णासोंकडं बघून म्हणाली, “लिवा अण्णा. पण आमी हितनं उठणार न्हाय. चारला चिंचबन ह्याच मैदानात येणार हाय. त्यांना कुठं खेळवणार ते बगा.”

हे अण्णासोंच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी खाली बसलेल्या एवढ्या पोरींकडं बघितलं, मग स्टँडकडं, मग घड्याळाकडं. आणि सावलीत जाऊन खुर्चीवर बसले. त्यांना वाटलं असणार, ऊनच उठवील.

उन्हानं प्रयत्न केला. खूप केला. पण ज्या पोरी तीन वर्षं दोनच्या उन्हातच खेळत आलेल्या, त्यांना ऊन काय शिकवणार?

*

चारला थोडा वेळ असताना पेठेकडून हलगी ऐकू यायला लागली. चिंचबन आली! पुढं पिराजी, चिंचबनचा हलगीवाला, त्याच्या मागं भगवे रुमाल, पोरं, बापई, बाया, एक आजी सुद्धा प्लॅस्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन. स्टँड भरला. आणि भरलेल्या स्टँडला मैदानात बसलेल्या पोरी दिसल्या.

“अय, पिकनिकला आलाय काय?”

“कोडोलीच्या पोरी दमल्या! उचला रे!”

“पावणं, चटई देऊ काय?”

मोना उठून उभी राहिली, फक्त ती एकटी, आणि स्टँडकडं तोंड करून ओरडली, “द्या की! चहाबी द्या! दोन तास झालं बसलोय!”

स्टँडमध्ये हशा उठला, पण आता तो तिच्यावर नव्हता. कुणीतरी खरंच पाण्याची बाटली फेकली.

तेवढ्यात चिंचबनची कॅप्टन आदिती तणतणत आली. केस घट्ट बांधलेले, शिनगार्डच्या पट्ट्या सुद्धा सरळ रेषेत.

“आमाला चोर म्हणता?” ती मोनाच्या नाकासमोर येऊन म्हणाली. “सगळ्या शहरात बोभाटा झालाय. आमी वाटून घेणार हाय म्हणं!”

“तुला न्हाय म्हटलं. वेळेला म्हटलं.”

“एकच झालं की ते! मी आज दहा गोल मारलं तरी लोक काय म्हणणार? सूर्यबाणनं दिलं. मी काय तोंड दाखवू?”

“मग एकदम खेळ,” मोना म्हणाली. “आमचं काय चाललंय ते तुला कळणार न्हाय, तुझं आमाला कळणार न्हाय. मग मार दहा. मीच तुला खांद्यावर घिऊन नाचतो.”

आदितीनं एकदा मागच्या मैदानाकडं बघितलं. ती वळली, ताडताड अण्णासोंच्या खुर्चीपाशी गेली. मोना परत मांडी घालून बसली. आदिती काय बोलली ते मध्यावरून ऐकू आलं नाही, पण तिचे हात दिसत होते. एक हात मागच्या मैदानाकडं, एक हात या मैदानाकडं, आणि मग दोन्ही हात एकदम खाली. अण्णासो मान हलवत राहिले, नाही, नाही. पिराजीनं हलगी थांबवली. आणि मग ती खुर्चीवाली आजी उठून म्हणाली, सगळ्या स्टँडला ऐकू येईल अशी, “अण्णासो, कोडोलीला शून्य दिलं म्हणून वर गेली, आसं आमच्या नातीला जन्मभर चिडवतील. लावा की एकदम! मान काय घड्याळात आसतोय व्हय?”

अण्णासोंनी आधी तिच्याकडं बघितलं, मग आपल्या गुडघ्यांकडं. मग काठीनं मागच्या मैदानाकडं खूण केली.

कोडोली-मुरगूड मागं. विश्वजित त्यांच्याबरोबर. दोन्ही पंचांनी एकमेकांना फोन लावून ठेवायचा, आणि एकाच वेळी शिट्टी.

मोनानं उठताना मांडीला चिकटलेली माती झाडली. पायांना मुंग्या आल्या होत्या. संयोगितानं तिला हात देऊन उठवलं आणि उठवता उठवता म्हणाली, “चल. आता मरायला तयार हो.”

*

दोन मैदानांमध्ये स्टँडची भिंत. पुढचं काही दिसायचं नाही, पण हलगी ऐकू यायची. चिंचबनचा गोल झाला की पिराजी असा काही कडाडायचा की मधल्या भिंतीवरचे पारवे उडायचे.

शिट्टी वाजली आणि मुरगूडनं शब्द पाळला. असा पाळला की काय सांगावं! संयोगितानं पहिल्याच मिनिटात मोनाला खांद्यानं असं ढकललं की ती खड्यांवर घसरत गेली, कोपर सोलवटलं. उठली तर समोर संयोगिता, शांत.

“फुकट न्हाय म्हटलंवतं.”

“व्हय व्हय, आठवतंय!”

छोट्या विंगरनं हाफ टाईमच्या आधी गोल केला. उजवीकडून आली, कुणालाच पास दिला नाही, मोना ओरडत राहिली “दे, दे,” आणि तिनं सरळ शूट मारला. एक शून्य! टेम्पोवाला एकटाच नाचला, पण एकटा असून दहा जणांसारखा नाचला.

मग पलीकडून हलगी कडाडली. पारवे उडाले.

“एक झाला त्यांचा,” कुणीतरी म्हणालं.

“आयकू नका!” मोना ओरडली. “आपला बॉल बगा!”

ऐकू नका म्हणून कान बंद होतात थोडेच? हाफ टाईमनंतर मुरगूडचा कॉर्नर आला आणि संयोगिता सगळ्यांच्या डोक्यांवरून उठली. नुसती उठली नाही, तिनं त्या बॉलला कपाळानं हाणलं. जाळी नव्हतीच मागच्या मैदानाला. बॉल सरळ बांधावरच्या एरंडात गेला. एक एक. मुरगूडच्या पोरी नाचल्या. त्यांना त्या गोलाचं काहीच मिळणार नव्हतं, तरी अशा नाचल्या की जणू अ गटातच गेल्यात. मोनाला त्यांचा राग आला, आणि त्या रागातच त्यांचं इतकं कौतुक वाटलं की तिचं तिलाच कळेना हे काय चाललंय.

हलगी परत कडाडली. दुसऱ्यांदा. पारवे आता उडेनासे झाले, त्यांना सवय झाली.

शेवटची काही मिनिटं मोनानं बॅक सुद्धा पुढं काढले. सर बांधावरून ओरडत होते, “मागं कोण?” मागं कुणी नव्हतं. मागं राहून काय करायचं होतं? विंगरनं आत टाकलेला बॉल उसळून मोनाच्या पायावर आला. गोलकीपर पडलेली. समोर गोल मोकळा. मोनानं मारला, तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला मारला, आणि कुठून कोण जाणे, संयोगिता सरपटत आली आणि रेषेवरून तो बॉल बाहेर काढला. चुन्यावरून. एक वीतभर आत असता तर निदान सामना तरी कोडोलीचा झाला असता.

विश्वजितनं शिट्टी वाजवली. पलीकडंही वाजली. एकाच वेळी.

एक एक. पलीकडं दोन शून्य. चिंचबन वर.

*

मोना खड्यांवर पालथी पडून रडली. मनसोक्त, नाक वाहीपर्यंत. संयोगिता शेजारी येऊन बसली. सॉरी म्हणाली नाही. म्हणाली असती तर मोनानं तिला कधीच माफ केलं नसतं.

“त्यो बॉल,” मोना हुंदक्यातून म्हणाली, “कसा काढलास गं?”

“मलाच म्हाईत न्हाय,” संयोगिता म्हणाली. “नाद खुळा मारलावतास पण.”

भिंतीच्या कडेनं आदिती आली. खांद्यावर गुलाल, चेहरा घामानं लाल. ती काही बोलणार तोच मोनानं डोळे पुसले. “दहा मारणार होतीस की. दोनच?”

“सूर्यबाणच्या पोरी पिसाळल्यावत्या,” आदिती म्हणाली. “वाटून घेतलं म्हणत्यात म्हणून. माझी सख्खी मैत्रीण, तिनं माज्या पायावर पाय दिला. बग.” तिनं मोजा खाली करून दाखवला. पायावर स्टडचे लाल वण उठले होते. मग तिनं अंगठ्यानं आपल्या खांद्यावरचा गुलाल काढला आणि मोनाच्या नाकाला लावला. “फुडल्या साली वर या. मी थांबतो.”

अण्णासो काठी टेकत आले ते शेवटी. मोना त्यांना बघून उभी राहिली.

“बगितलंस?” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण जिंकल्याचा एक सूर होताच. “एकदम खेळून काय झालं? चिंचबनच वर गेली. काय मिळालं तुला, सांग?”

मोनानं मनगटानं नाक पुसलं. गुलाल गालभर झाला.

“हरायला मिळालं की अण्णा. गेल्या साली संयोगिताला तेवढंबी मिळालं न्हवतं. ती वडापात बसलीवती.”

संयोगिता लगेच दुसरीकडं बघायला लागली.

“आणि फुडल्या सालीबी एकदमच लावायचं,” मोना म्हणाली. “न्हायतर आमी परत बसणार. आता आमाला बसायची सवय झालीय. फक्त ताकात मीठ जास्त घालून आणतो.”

अण्णासोंनी काठी डाव्या हातात घेतली. मग खिशात हात घालून गुळाचा खडा काढला. तिच्या हातावर ठेवला आणि निघाले. कबूल केलं नाही. पण नाहीही म्हणाले नाहीत.

*

टेम्पो कोडोलीत आला तेव्हा संध्याकाळची धार चालू होती. पप्पा म्हशीखाली, ऋतुराज, तिचा थोरला भाऊ, कट्ट्यावर बसून बॅटला टेप गुंडाळत होता. बारावीची परीक्षा चालू, आणि सकाळी सामना मारून आलेला.

“काय झालं?” पप्पांनी मान न वळवता विचारलं.

“एक एक. चिंचबन गेली वर.”

चरवीतला दुधाचा आवाज थोडा मंद झाला. “मग ठरलंय तसं. बूट धुवून दे. माळ्यावर ठेवतो.”

मोना हो म्हणणार होती. खरंच. दमली होती, कोपर झोंबत होतं, आणि अट तिनं दिवाळीत मान हलवून कबूल केली होती. पण तिची नजर त्या बॅटकडं गेली. काळी टेप, छान गुळगुळीत, एकावर एक वेढा.

“पप्पा, दादाच्या धावीत बॅट माळ्यावर ठेवलीवती व्हय?”

ऋतुराजचा टेप गुंडाळणारा हात थांबला.

“त्याचं येगळं,” पप्पा म्हणाले.

“काय येगळं? त्याची धावी सोपी होती काय? त्याला कुठल्या गटात जायची अट घातलीवती? आज बारावीच्या पेपराच्या मधी त्यो रंकाळ्यावर सामना खेळून आलाय, आणि मी हरलो म्हणून माझं बूट वर?” तिचा आवाज चढला, आणि चढला तसा तो तिला आवडला. “मी हरलो ते खरं. पण अट काढायची तर दोघांची काढा, घालायची तर दोघांना घाला. शिट्टी एकदम वाजू दे.”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, हात पिठाचे. ती पप्पांकडं बघत होती. आत जात नव्हती.

ऋतुराज खाली बघत म्हणाला, “म्हणतीया ते खरं हाय पप्पा. मला कुणी काय म्हटलं न्हवतं.”

“तू गप्प बस.”

“न्हाय, खरं तेच सांगतोय.”

पप्पांनी चरवी उचलली, दूध गाळलं, आणि डेअरीला न्यायच्या कॅनमध्ये ओतलं. सगळं हळूहळू, जसं काही जगात दुसरं काही चाललेलंच नाही. मग मोटारसायकलला कॅन अडकवताना विचारलं, “धावीत किती टक्के पाडणार?”

“दादाला किती पडलंवतं?”

“एकसष्ट,” आई दारातून म्हणाली.

“मग एकसष्ट,” मोना म्हणाली. “त्याच्यापेक्षा एक जास्त मागितला तर बसतो बगा. हितंच, गोठ्याच्या मधी.”

आईनं पदर तोंडाला लावला. ऋतुराजनं बॅट तोंडासमोर धरली. पप्पांनी किक मारली, गाडी चालू झाली नाही, परत मारली. तिसऱ्यांदा चालू झाली तेव्हा ते गाडीच्या आवाजावरून ओरडले, “बूट धुवून ठेव! मातीचं हायत!”

“माळ्यावर?” मोनाही ओरडली.

गाडी वळवताना पप्पांनी नुसतं कट्ट्याकडं बोट दाखवलं, जिथं ऋतुराजची बॅट कायम ठेवलेली असायची, आणि दूध घेऊन निघून गेले.